पाच नियम, वीस गाठी

एसटीच्या लाल परीत चढलेल्या प्रवाशाकडे कंडक्टर एक नजर टाकतो आणि तिकीट काढतो. पाच वर्षांखालचं मूल असेल तर तिकीट नाही. पाच ते बारा वयाला अर्धं. पासष्ट पूर्ण केलेल्या ज्येष्ठांना अर्धं. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तर पूर्ण केलेल्यांचा प्रवास मोफत झाला आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्म्या भाड्याची सवलत मिळू लागली. विद्यार्थी, दिव्यांग आणि इतरांच्या सवलती वेगळ्या. त्या बाजूला ठेवून एवढेच पाच नियम घेतले, तर शाळकरी मुलगाही ते एका दमात सांगेल.

आता हेच काम प्रोग्रॅमला सांगायचं आहे. पुढचा कोड एसटीच्या यंत्रातला नाही, समजण्यासाठी रचलेला आहे. पण अशा घडणीचा कोड कोणत्याही आयटी कंपनीत रोज दिसतो.

जर वय ५ किंवा जास्त
    जर वय १२ पेक्षा जास्त
        जर वय ७५ पेक्षा कमी
            जर वय ६५ पेक्षा कमी
                जर प्रवासी महिला
                    अर्धं
                नाहीतर
                    पूर्ण
            नाहीतर
                अर्धं
        नाहीतर
            मोफत
    नाहीतर
        अर्धं
नाहीतर
    मोफत

हा कोड बरोबर आहे. कोणत्याही वयाचा प्रवासी द्या, तिकीट चुकणार नाही. तरीही तो वाचताना बोट ओळींवर ठेवावं लागतं. पहिल्या ओळीत विचारलेल्या प्रश्नाचं दुसरं उत्तर थेट सोळाव्या ओळीत येतं आणि तोवर मधले चार प्रश्न डोक्यात धरून ठेवावे लागतात. सत्तर वर्षांच्या आजोबांना किती भाडं, हे या कोडमधून शोधायला कंडक्टरपेक्षा प्रोग्रॅमरला जास्त वेळ लागेल. नियम साधे असताना कोड अवघड का झाला? आणि तो नेमका किती अवघड झाला, हे मोजता येतं का?

मोजण्याचा प्रश्न पन्नास वर्षं जुना आहे. टॉमस मॅककेब या अमेरिकी गणितज्ञाने डिसेंबर १९७६ मध्ये एक शोधनिबंध लिहून त्याला पहिलं ठोस उत्तर दिलं. तोवर प्रोग्रॅम मोजायचा म्हणजे त्याच्या ओळी मोजायच्या. मॅककेबने ओळी सोडल्या आणि वाटा धरल्या. प्रोग्रॅममधला प्रत्येक टप्पा म्हणजे एक ठिपका आणि एका टप्प्यावरून दुसऱ्याकडे जाण्याची शक्यता म्हणजे एक बाण, असा नकाशा त्याने काढला. ठिपके आणि रेषांचं हे गणित ऑयलरने १७३६ साली क्योनिग्सबर्गच्या सात पुलांच्या कोड्यापासून सुरू केलं होतं. मॅककेबने ते फोरट्रान भाषेतल्या प्रोग्रॅमांना लावलं.

हिशेब सोपा आहे. बाणांच्या संख्येतून ठिपके वजा करायचे आणि दोन मिळवायचे. समजा एकच 'जर-नाहीतर' आहे. प्रश्नाचा एक ठिपका, दोन उत्तरांचे दोन आणि दोन्ही वाटा पुन्हा एकत्र येतात तो चौथा. बाणही चारच. चार वजा चार अधिक दोन, म्हणजे दोन. एक प्रश्न, दोन स्वतंत्र वाटा. व्यवहारात एवढं चित्रही काढावं लागत नाही: कोडमधले निर्णय मोजा आणि एक मिळवा. तिकिटाच्या कोडमध्ये पाच निर्णय आहेत, म्हणून त्याचा आकडा सहा. इंग्रजीत याला 'सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी' म्हणतात.

हा आकडा टेस्टिंग करणाऱ्यांच्या थेट उपयोगाचा आहे. सहा स्वतंत्र वाटा म्हणजे निदान सहा टेस्ट हव्यातच. वाटा किती झपाट्याने वाढतात, हे दाखवायला मॅककेबने त्याच निबंधात एक उदाहरण दिलं. फक्त पन्नास ओळींचा प्रोग्रॅम, त्यात एकापाठोपाठ एक पंचवीस 'जर'. प्रत्येक 'जर'पाशी दोन शक्यता, त्यामुळे सुरुवातीपासून शेवटापर्यंत जाण्याचे एकूण मार्ग ३,३५,५४,४३२. सेकंदाला एक मार्ग तपासला, तरी दिवसरात्र बसून वर्ष उलटून जाईल. पन्नास ओळी म्हणजे छापील कागदाचं एक पान. एका फंक्शनचा, म्हणजे प्रोग्रॅममधल्या एका कामापुरत्या तुकड्याचा, आकडा दहाच्या आत ठेवावा, असं मॅककेबने सुचवलं आणि दहा ही काही जादूची संख्या नाही, हेही त्याने तिथेच स्पष्ट केलं. पुढच्या काळात सूचना तेवढी लक्षात राहिली आणि पुस्ती मागे पडली.

मॅककेबचा आकडा आजही जवळपास प्रत्येक कोड तपासणाऱ्या साधनात असतो. पण वाचणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर त्यात एक उणीव आहे. समजा महिन्याचा क्रमांक देऊन नाव मिळवायचं आहे. १ असेल तर जानेवारी, २ असेल तर फेब्रुवारी, अशा बारा ओळी. बारा निर्णय, म्हणून आकडा तेरा. दहाची मर्यादा ओलांडली. आणि ही यादी तर झोपेतही वाचता येते. आपल्या तिकिटाच्या कोडचा आकडा मात्र सहाच, म्हणजे कागदोपत्री उत्तम. ज्या कोडने बोट ठेवून वाचायला लावलं तो पास आणि जो सरळ वाचता येतो तो नापास.

कारण उघड आहे. मॅककेबने वाटा मोजल्या, त्या एकमेकींच्या पोटात किती खोल शिरल्या आहेत हे मोजलं नाही. माणसाचं डोकं मात्र दमतं ते खोलीनेच. जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९५६ सालच्या गाजलेल्या निबंधात दाखवलं होतं, की माणूस एका वेळी सातच्या आसपासच गोष्टी मनात धरू शकतो. पाचव्या पायरीवरचा 'जर' वाचताना आधीचे चार मनात धरलेलेच असतात.

ही उणीव भरून काढायचा प्रयत्न २०१६-१७ च्या सुमारास झाला. सोनारसोर्स या स्विस कंपनीत काम करणाऱ्या ॲन कॅम्पबेल यांनी 'कॉग्निटिव्ह कॉम्प्लेक्सिटी' नावाची नवी मोजणी मांडली. मराठीत तिला आकलनाचा भार म्हणता येईल. तिचा मूळ नियम असा, की सरळ वाचण्याचा ओघ जिथे तुटतो तिथे एक गुण. आणि तुटण्याची ती जागा दुसऱ्या कशाच्या तरी पोटात असेल, तर जितकी पातळी आत तितके गुण आणखी. 'नाहीतर'ला एक. सुटे 'जर' न लिहिता एकाच आकड्याचे बारा पर्याय एका यादीत ('स्विच') मांडले, तर त्या सगळ्यांना मिळून फक्त एक. तशी मांडलेली महिन्यांची नावं या मोजणीत तेरावरून एकवर येतात.

तिकिटाचा कोड या तराजूत घालू. बाहेरच्या 'जर'ला एक, त्याच्या आतल्याला दोन, मग तीन, चार आणि सगळ्यात आतल्या, महिलेच्या प्रश्नाला पाच. बेरीज पंधरा. पाच 'नाहीतर'चे पाच. एकूण वीस. या कंपनीच्या साधनात बहुतेक भाषांसाठी सुरुवातीची मर्यादा पंधरा असते, म्हणजे हा कोड तिथे अडेल. बोटाला जे कळलं होतं ते आता आकड्यातही दिसलं.

आता तेच नियम दुसऱ्या पद्धतीने लिहू.

जर वय ५ पेक्षा कमी: मोफत, संपलं
जर वय ७५ किंवा जास्त: मोफत, संपलं
जर वय १२ किंवा कमी: अर्धं, संपलं
जर वय ६५ किंवा जास्त: अर्धं, संपलं
जर प्रवासी महिला: अर्धं, संपलं
पूर्ण

सोळा ओळींच्या सहा झाल्या, पण खरी गंमत ओळींत नाही. मॅककेबच्या हिशेबाने इथेही पाच निर्णय, आकडा सहाच. आकलनाचा भार मात्र वीसवरून पाचवर आला, कारण कोणताही 'जर' दुसऱ्याच्या पोटात नाही आणि एकही 'नाहीतर' उरलेला नाही. प्रत्येक ओळ आपल्यापुरतं उत्तर देते आणि प्रवाशाला मोकळं करते. सत्तर वर्षांचे आजोबा पहिल्या तीन ओळी ओलांडून चौथ्या ओळीवर थांबतात.

या दोन आकड्यांना शेजारी ठेवलं की गुंतागुंतीचे दोन प्रकार वेगळे दिसू लागतात. सहा हा आकडा एसटीच्या नियमांचा आहे. पाच सवलती द्यायच्या तर पाच प्रश्न विचारावेच लागतील, आणि कितीही हुशार प्रोग्रॅमर बसवला तरी ते प्रश्न कमी होणार नाहीत. वीस आणि पाच यांच्यामधल्या पंधरा गाठी मात्र नियमांच्या नव्हत्या. त्या लिहिणाऱ्याने घातल्या होत्या आणि तोच त्या सोडवू शकतो. गुंतागुंत कमी करायची म्हणतात ती याच पंधरा गाठींची.

गाठ सोडवताना धागा तुटू नये याची काळजी मात्र घ्यावी लागते. सपाट कोडमध्ये ओळींचा क्रम महत्त्वाचा असतो. महिलेची ओळ कुणी सहज उचलून सगळ्यात वर नेली, तर ऐंशी वर्षांच्या आजींना मोफतऐवजी अर्धं भाडं भरावं लागेल आणि तीन वर्षांच्या चिमुरडीचंही अर्धं तिकीट फाटेल. म्हणून अनुभवी मंडळी कोडला हात लावण्याआधी टेस्ट लिहून घेतात. इथे सीमेवरची वयं धरायची: ४ आणि ५, १२ आणि १३, ६४ आणि ६५, ७४ आणि ७५. प्रत्येक वयाला एक पुरुष, एक महिला. सोळा टेस्ट. जुन्या कोडवर सोळाच्या सोळा पास झाल्या की मगच बदल करायचा आणि त्याच सोळा पुन्हा चालवायच्या. वागणूक तीच ठेवून रचना सुधारण्याच्या या कामाला 'रिफॅक्टरिंग' म्हणतात. मार्टिन फाउलर यांच्या १९९९ सालच्या याच नावाच्या पुस्तकामुळे ते घरोघरच्या टीममध्ये पोहोचलं. आधी अपवाद निकालात काढून मुख्य वाट मोकळी करण्याची ही युक्तीही त्यात नाव देऊन नोंदलेली आहे.

एवढा खटाटोप एका तिकिटासाठी कशाला, असं वाटू शकतं. पण कोड एकदा लिहिला जातो आणि वर्षानुवर्षं वाचला जातो. भारतातल्या सॉफ्टवेअर उद्योगाला हे कुणी वेगळं सांगायला नको. १९९० च्या दशकाच्या शेवटी या उद्योगाला मोठं काम मिळालं ते नवा कोड लिहिण्याचं नव्हतं, दुसऱ्यांनी लिहिलेला वाचण्याचं होतं. बँका, विमा कंपन्या आणि सरकारी कचेऱ्यांमधल्या कोबोल भाषेतल्या जुन्या प्रोग्रॅमांत साल दोनच अंकांत लिहिलेलं होतं आणि २००० साल उजाडलं की '००' म्हणजे १९०० समजलं जाण्याची भीती होती. मुंबई-पुण्यातल्या कितीतरी तरुण इंजिनिअरांचं पहिलं काम हेच होतं, आपल्या जन्माच्या आसपास कुणीतरी दूरदेशी लिहिलेला कोड ओळ न् ओळ वाचत तारखा शोधायच्या. पुण्यात १९८१ पासून असलेल्या टाटांच्या टीआरडीडीसी या संशोधन केंद्रात तर कोडचं विश्लेषण करणारी साधनं बनवणं हा अभ्यासाचाच एक विषय झाला.

कोड म्हातारा होताना बिघडत का जातो, याचं निरीक्षण मॅनी लेहमन यांनी १९७० च्या दशकातच नोंदवलं होतं. त्यांनी आयबीएमच्या ओएस/३६० या अवाढव्य प्रणालीच्या एकामागून एक आवृत्त्या अभ्यासल्या. वापरात असलेला प्रोग्रॅम सतत बदलावा लागतो आणि गुंता कमी करण्यासाठी मुद्दाम मेहनत घेतली नाही तर प्रत्येक बदलागणिक तो वाढतोच, हा त्यांचा निष्कर्ष. तिकिटाचा कोड पुन्हा डोळ्यांसमोर आणा. २०२२ ची सवलत आली, कुणीतरी घाईत एक 'जर' बाहेरून गुंडाळला. २०२३ ची आली, दुसऱ्या कुणीतरी आत खुपसला. कुणाचंही एकट्याचं काम वाईट नव्हतं. "चालतंय ना, हात लावू नको" हे वाक्य टीममध्ये ऐकू येऊ लागलं, की समजावं कोड वाचता येण्याच्या पलीकडे गेला आहे.

पलीकडे गेलेला कोड किती दूर जाऊ शकतो, याची झलक ऑक्टोबर २०१३ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमाच्या न्यायालयात दिसली. टोयोटाच्या २००५ सालच्या कॅमरी गाडीने आपणहून वेग घेतल्याचा आरोप होता. अपघातात एका महिलेचा जीव गेला होता. फिर्यादींच्या बाजूने साक्ष देणारे तज्ज्ञ मायकल बार यांनी गाडीचा मूळ कोड तपासला होता. त्यांच्या साक्षीनुसार ६७ फंक्शन्सचा मॅककेब आकडा पन्नासच्या वर होता आणि इंजिनाला हवा किती द्यायची ते ठरवणाऱ्या थ्रॉटलच्या फंक्शनचा शंभरच्याही वर. ज्युरीने निकाल कंपनीच्या विरोधात दिला. मात्र हेही तितकंच खरं, की नासाच्या अभियंत्यांनी आधी केलेल्या तपासात, २०११ च्या अहवालानुसार, इलेक्ट्रॉनिक्समुळे गाड्या भरधाव सुटल्याचा पुरावा सापडला नव्हता. शंभरचा आकडा अपघात सिद्ध करत नाही. शंभर वाटांचं फंक्शन कुणी पूर्ण तपासलं आहे असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, एवढं तो नक्की सांगतो, आणि पायाखाली ॲक्सिलरेटर असताना एवढंही पुरेसं गंभीर आहे. याच नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेतले जेरार्ड होल्झमन यांनी २००६ मध्ये चुकलं तर जीवावर बेतेल अशा सॉफ्टवेअरसाठी दहा कडक नियम लिहिले होते. त्यातला एक असा, की एक फंक्शन कागदाच्या एका पानावर, सुमारे साठ ओळींत, मावलं पाहिजे.

आकडा कमी असला म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपलने आयफोनसाठी घाईघाईने ७.०.६ ही आवृत्ती पाठवली. सुरक्षित जोडणी करताना समोरचा सर्व्हर खरा आहे का हे तपासणाऱ्या फंक्शनमध्ये एक ओळ चुकून दोनदा आली होती: 'गो टू फेल', आणि तिच्याच खाली पुन्हा 'गो टू फेल'. वरची 'जर'च्या अखत्यारीत होती. खालचीही तितकीच आत सरकवून लिहिलेली, म्हणून डोळ्याला तीही 'जर'चीच वाटायची. पण कंस नव्हते. त्यामुळे खालची ओळ दर वेळी, काहीही झालं तरी चालायची आणि स्वाक्षरी तपासणारा पुढचा सगळा भाग ओलांडून शेवटाला जायची. तोवर चूक काहीच नोंदलेली नसल्यामुळे उत्तर यायचं, 'सगळं ठीक'. वर्षाहून अधिक काळ हे असंच चालू होतं. फंक्शनच्या वाटा मोजून ही चूक दिसली नसती, कारण इथे फसवलं ते मांडणीने. कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या जीसीसी या कंपायलरच्या, दोन वर्षांनी आलेल्या सहाव्या आवृत्तीत मांडणी अशी दिशाभूल करत असेल तर इशारा देण्याची सोय झाली.

वाचणाऱ्याच्या डोक्यात प्रत्यक्ष काय घडतं, हेही आता पाहिलं जातं आहे. मॅककेबनंतर वर्षभरातच, १९७७ मध्ये, मॉरिस हॉलस्टेड यांनी वाटांऐवजी शब्द मोजले होते: कोडमध्ये किती वेगवेगळी चिन्हं आणि नावं आली आणि ती किती वेळा आली. ही मोजणी बराच काळ पुस्तकी मानली गेली. २०२१ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांच्या एका गटाने १९ प्रोग्रॅमरांना एमआरआय यंत्रात झोपवून कोडचे तुकडे वाचायला दिले आणि मेंदूची हालचाल टिपली. कामाच्या स्मृतीवर ताण येत होता तो वेगवेगळ्या नावांच्या आणि चिन्हांच्या संख्येशी जोडलेला दिसला. वाटा मोजणारे आकडे त्या मानाने मागे पडले. ज्यांनी 'फ्लॅग२', 'टेंप' आणि 'एक्स१' अशा नावांचा कोड वाचला आहे, त्यांना याचं नवल वाटणार नाही. '६५ किंवा जास्त' ही अट 'ज्येष्ठ आहे' या नावाच्या फंक्शनमध्ये ठेवली तर मॅककेबचा आकडा तिळभर हलत नाही, पण पुढच्या वाचकाला पासष्ट म्हणजे काय हे आठवावं लागत नाही.

आकडे हाताशी आले की त्यांच्यापुरतं काम करण्याचा मोह होतो. मर्यादा पंधरा आणि फंक्शन सतरावर, मग मधल्या आठ ओळी कापून 'भाग दोन' नावाच्या फंक्शनमध्ये टाकल्या, आणि साधन हिरवा दिवा दाखवतं. वाचणारा मात्र आता दोन फायलींत येरझाऱ्या घालतो. तुकड्याला त्याच्या कामाचं नाव देता येत नसेल, तर तो चुकीच्या जागी कापला आहे असं समजायला हरकत नाही. लाखो ओळींच्या प्रकल्पात सगळीकडे आकडे सुधारत बसायलाही कुणाला सवड नसते. स्वीडनचे ॲडम टॉर्नहिल यांनी २०१५ च्या पुस्तकात यावर मार्ग सांगितला आहे: गुंत्याच्या आकड्याशेजारी बदलांची नोंदवही ठेवायची. फार गुंतलेली पण दहा वर्षांत कुणी न उघडलेली फाइल तशीच राहू द्यायची. गुंतलेली आणि दर आठवड्याला कुणीतरी उघडतं अशी असेल, तर कामाला तिथून लागायचं.

तिकिटाचा कोड याच दुसऱ्या वर्गातला. सवलती जाहीर होत राहणार. पुढची आली की सहा ओळींच्या कोडमध्ये योग्य जागी सातवी ओळ पडेल, मॅककेबचा आकडा सहाचा सात होईल, आकलनाचा भार पाचाचा सहा आणि सोळा टेस्टच्या खाली नव्या वयांच्या दोन-चार टेस्ट जोडल्या जातील. बदल तपासायला बसलेल्या सहकाऱ्यालाही मग एवढंच पाहायचं असेल, की नवी ओळ आजींच्या मोफत तिकिटाच्या वर तर गेली नाही ना.